गाय, सुई की प्रयोगशाळा?

प्रश्न नागपुरातल्याच, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीचा आहे. ती विचारते: "सर, कोरोना वुहानच्या बाजारातून आला की तिथल्या प्रयोगशाळेतून, हा वाद इतकी वर्षं चाललाय. लस आली, साथ ओसरली. आता खरं-खोटं कळून सरकारी धोरणात असा काय फरक पडणार? आणि आपल्या नागपूरला त्याचं काय?"

मी पशुवैद्यक. नोकरीची सुरुवातीची वर्षं मराठवाड्यात दवाखान्यावर गेली, उरलेली नागपूर परिसरातल्या रोगनिदान प्रयोगशाळांमध्ये. विषाणूंच्या जनुकक्रमातला मी तज्ज्ञ नाही. पण मेलेलं जनावर समोर ठेवून "हे कुठून आलं" असं विचारणं, हेच माझं पोटापाण्याचं काम होतं. त्या अनुभवावर सांगतो: फरक पडतो. दोषी कोण, यापेक्षा कुलूप कुठे लावायचं, यात तो जास्त पडतो. पण ते नीट सांगायचं तर आधी आमच्या परिचराची गोष्ट सांगावी लागेल.

२०११ चा हिवाळा. आमच्या प्रयोगशाळेतला परिचर, पन्नाशीकडे झुकलेला, कळमेश्वरकडच्या एका गावातून रोज येणं-जाणं करायचा. दिवाळीनंतर त्याचं सुरू झालं. "साहेब, सकाळी बरं वाटते, दुपार कलली का अंगात कणकण भरते. रातच्याला घामानं पांघरूण ओलं होते." गावातल्या डॉक्टरनं मलेरियाच्या गोळ्या दिल्या, मग टायफॉइड म्हणून दहा दिवस इंजेक्शनं. ताप उतरायचा, आठवड्यानं परत. कंबर धरली, गुडघे धरले. दीड महिना असा गेल्यावर आमच्यातल्याच एकाच्या डोक्यात प्रकाश पडला, की अरे, हा माणूस काम कुठे करतो! रक्त काढलं, रोझ बेंगॉल चाचणी लावली. काचपट्टीवरच्या गुलाबी थेंबात बघता बघता दाणे धरले. ब्रुसेला.

ब्रुसेला म्हणजे गाई-म्हशी गाभडवणारा जिवाणू. माणसाला झाला तर सहसा जीव घेत नाही, पण महिनोन्महिने हाडं खिळखिळी करतो. सहा आठवड्यांची औषधं सुरू झाली. आणि मग कुणीतरी विचारलं, की हा आला कुठून?

वाटा तीन होत्या. पहिली प्रयोगशाळा. आम्ही तिथे ब्रुसेला वाढवत होतो, आणि प्रयोगशाळेतल्या माणसांना कामावरून जडणाऱ्या जिवाणूंमध्ये ब्रुसेलाचा नंबर जगभर फार वरचा आहे. आमचं बायोसेफ्टी कॅबिनेट, म्हणजे जंतू बाहेर पडू नयेत म्हणून ज्यात काम करतात ती पेटी, जुनं, त्याचा फिल्टर शेवटचा कधी बदलला ते रजिस्टरात सापडेना. दुसरी वाट घर. ऑक्टोबरात त्याची गाय सातव्या महिन्यात गाभडली होती आणि अडकलेली वार यानं उघड्या हातानं काढली होती. तिसरी सुई. सप्टेंबरात तो आमच्याबरोबर कालवडींच्या लसीकरणाला आला होता. एस-१९ ही लस म्हणजे जिवंतच जिवाणू, फक्त सौम्य केलेला. कालवडीनं झटका दिला आणि सुई याच्या अंगठ्यात गेली. त्यानं अंगठा तोंडात धरला, थुंकला, आणि पुढची कालवड धरली. मी तिथेच उभा होतो. मीही काही लिहून ठेवलं नाही.

रक्तातून जिवाणू वाढला असता तर तो लशीतला, आमच्या फ्रीजमधला की गावातला, हे ओळखायच्या पद्धती होत्या. पण एवढी इंजेक्शनं झाल्यावर रक्तात काही वाढेना. गाईचं रक्त घ्यायला गावी गेलो तर म्हणे, "ते तं विकली साहेब. भाकड गाय कोन पोसते?" आणि प्रयोगशाळेत? तपासणी होणार अशी कुणकुण लागताच एका शनिवारी कॅबिनेट, टेबलं, फरशी, सगळं जंतुनाशकानं धुऊन काढलं. कुणाच्या मनात पाप नव्हतं, पाहुणे यायच्या आधी आपण घर झाडतो ना, तसंच. पण सोमवारी नमुन्यासाठी बोळे फिरवायला काही उरलं नव्हतं. नोकरीला लागताना त्याच्या रक्तातलं सीरम काढून ठेवलेलं असतं तर आजार जुना की नवा एवढं तरी कळलं असतं. तसं कुणाचंच ठेवलेलं नव्हतं.

अहवालात शेवटी लिहिलं गेलं, "घरच्या गाईपासून संसर्ग झाल्याची शक्यता अधिक." ते खोटं नसेलही. माझ्या लेखी गाय पहिल्या नंबरची संशयित होती. पण ते वाक्य निवडलं गेलं ते सोयीचं होतं म्हणून. त्याचे परिणाम बघा. गाय दोषी, म्हणून फिल्टर बदलण्याचा प्रस्ताव "तूर्त आवश्यकता दिसत नाही" असा शेरा घेऊन परत आला आणि दोन वर्षं पडून राहिला. बरं, गाय दोषी, तर मग त्या गावातली बाकीची जनावरं तपासायला हवी होती. तेही झालं नाही, कारण अहवाल आमच्या फाइलीत आणि गाव दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीत. सुईबद्दल तर अवाक्षरही नव्हतं, त्यामुळे पुढच्या लसीकरणाला माणसं तशीच उघड्या हातानं गेली.

आता वुहानचा क्रम बघा. ३१ डिसेंबर २०१९ ला तिथल्या आरोग्य आयोगानं अनोळखी न्यूमोनियाची खबर दिली. १ जानेवारी २०२० ला हुआनान मासळी बाजार बंद झाला आणि धुवायला घेतला. फरशीचे, पिंजऱ्यांचे, गटारांचे बोळे घेतले गेले, पण तिथे जिवंत विकली जाणारी रानटी जनावरं तोवर नाहीशी झाली होती. म्हणजे इथेही गाय आधीच विकली गेली होती. त्या बोळ्यांची कच्ची जनुकीय माहिती बाहेरच्या संशोधकांच्या नजरेस पडायला २०२३ उजाडलं, आणि विषाणू सापडलेल्या ठिकाणीच रॅकून डॉग या कोल्ह्यासारख्या रानटी प्राण्याचा डीएनएही तीत निघाला. दुसरीकडे त्याच शहरात वटवाघळांच्या करोनाविषाणूंवर काम करणारी मोठी संस्था. तिचा विषाणूंचा डेटाबेस सप्टेंबर २०१९ पासून बाहेरच्यांना दिसेनासा झालेला. तिथल्या कामाची आणि सुरक्षेची तपशीलवार माहिती जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानं मागितली, ती मिळाली नाही. म्हणजे फिल्टरचं रजिस्टर सापडत नाही.

पुरावा कुणीकडे झुकतो? डिसेंबर २०१९ मधल्या रुग्णांची घरं नकाशावर मांडली तर दाटी बाजाराभोवती दिसते, ज्यांचा बाजाराशी काही संबंध नव्हता त्यांचीसुद्धा. त्यावर आक्षेप असा, की सुरुवातीला रुग्ण शोधलेच बाजाराच्या आसपास. बाधित जनावर एकही सापडलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि चीन यांच्या २०२१ च्या संयुक्त अहवालात चीनभरातल्या ८० हजारांहून अधिक जनावरांचे नमुने निगेटिव्ह आल्याचं म्हटलंय. पण तुम्ही एक लक्षात घ्या, हवं होतं ते त्या बाजारातलं आणि त्याला माल पुरवणाऱ्या फार्मवरचं जनावर, देशभरातली डुकरं-कोंबड्या नव्हेत. विषाणू प्रयोगशाळेतून निसटला असं मानणारे २०१८ चा एक प्रस्ताव दाखवतात. त्यात त्या संस्थेचा सहभाग होता आणि अशा विषाणूंमध्ये विशिष्ट बदल करून बघण्याची कल्पना होती. अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन शाखेनं त्याला पैसे नाकारले. मात्र त्या संस्थेकडे हा विषाणू किंवा त्याचा थेट पूर्वज होता, असं दाखवणारं काही पुढे आलेलं नाही. तिच्याकडचा सर्वांत जवळचा नमुना ९६ टक्के जुळतो. ऐकायला ते सख्ख्या भावासारखं वाटतं, पण विषाणूंच्या हिशेबात हे अंतर काही दशकांचं आहे.

अमेरिकेच्या गुप्तचर संस्थांचंही आपसात जमत नाही. सीआयएनं जानेवारी २०२५ मध्ये पारडं प्रयोगशाळेकडे झुकवलं, तेही "कमी खात्री" असं सांगून. त्याच वर्षी जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानं म्हटलं, की उपलब्ध पुराव्याचा भार प्राण्यांकडून झालेल्या संसर्गाकडे आहे, पण मागितलेली माहिती मिळेपर्यंत कुठलीच शक्यता बाद करता येत नाही. मला विचाराल तर मी बाजाराकडे झुकतो. सही मात्र करणार नाही. गाईच्या अहवालावर एकदा केली होती.

मग धोरणवाले म्हणतात, वाद कशाला, दोन्हीकडे कुलूप लावा, बाजारही सुधारा आणि प्रयोगशाळाही. निम्म्या गोष्टींपुरतं ते ठीक आहे. खरी अडचण उरलेल्या निम्म्यात आहे, कारण एकच काम एका उत्तरात औषध ठरतं आणि दुसऱ्या उत्तरात आजार. रानात जाऊन वटवाघळं पकडायची, त्यांची लाळ आणि विष्ठा आणायची, त्यातले विषाणू वाढवून बघायचे. साथ निसर्गातून आली असेल तर हे काम दहापट वाढवायला हवं, कारण पुढचा विषाणू आधी तिथेच दिसणार. साथ प्रयोगशाळेतून निसटली असेल तर नेमकं हेच काम कमीत कमी ठिकाणी आणि कडेकोट बंदोबस्तात व्हायला हवं. अर्थसंकल्पात या कामापुढे अधिकचं चिन्ह लिहायचं की उण्याचं? उगमाचा वाद इथे टोचतो. आपल्याकडेही हे झालंय. नागालँडमधल्या मिमी गावात २०१७ मध्ये वटवाघळं आणि ती पकडणारी माणसं यांचे नमुने घेतले गेले. लेखकांच्या यादीत वुहानच्या संस्थेचे दोन संशोधक होते. २०२० उजाडताच परवानग्यांची चौकशी लागली. परवानग्या तपासायलाच हव्यात, त्यात वाद नाही. पण त्यानंतर तरुण संशोधकांना वटवाघूळ हा विषय घ्यायला दहादा विचार करताना मी पाहिलंय, आणि तोही धोरणाचाच परिणाम, कुठल्याही शासन निर्णयात न लिहिलेला.

उगम चुकीचा धरला तर काय होतं, याचं माझ्या धंद्यातलं सर्वांत वाईट उदाहरण मलेशियाचं. सप्टेंबर १९९८ पासून तिथे डुकरं पाळणारी माणसं मेंदूज्वरानं दगावू लागली. यंत्रणेनं धरलं, की हा जपानी मेंदूज्वर, म्हणजे डासांचा आजार. धूर फवारणी झाली, लसीकरण झालं, सगळं शिस्तीत. पण जपानी मेंदूज्वर मुख्यतः मुलांना होतो, आणि इथे मरत होते ते धट्टेकट्टे, डुकरांना रोज हात लावणारे पुरुष. शेजारी, ज्यांना तेच डास चावत होते, ठणठणीत. ही विसंगती दिसत असूनही महिने गेले. तेवढ्यात घाबरलेल्या पशुपालकांनी डुकरं दुसऱ्या भागात विकली आणि आजार त्यांच्याबरोबर गेला. मार्च १९९९ मध्ये विषाणू सापडला, त्याला सुंगाई निपाह गावावरून निपाह नाव पडलं. एकूण २६५ जण आजारी आणि १०५ मृत्युमुखी. शेवटी दहा लाखांहून जास्त डुकरं मारावी लागली. फवारणीचा प्रत्येक रुपया प्रामाणिकपणे खर्च झाला होता.

प्रयोगशाळेतून जंतू निसटतच नाहीत, असं कुणी सांगितलं तर त्याला दोन गावांची नावं सांगा. एक स्वेर्दलोव्स्क, सोव्हिएत संघ, एप्रिल १९७९. लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्सचे बीजाणू हवेत गेले, किमान ६६ माणसं मेली. सरकार म्हणालं, दूषित मांस. १९९२ मध्ये रशियाच्या अध्यक्ष येल्त्सिननं लष्कराचा हात मान्य केला आणि १९९४ मध्ये शास्त्रज्ञांनी नकाशा छापला. त्या दिवशीच्या वाऱ्याच्या दिशेनं एक अरुंद पट्टा, त्यात माणसं, आणि पुढे ५० किलोमीटरपर्यंत गावोगाव मेलेली मेंढरं-गुरं. माणसांच्या नोंदी काढून घेता आल्या, पण कुठल्या गावात जनावर मेलं हे पुसता आलं नाही. पशुवैद्यक म्हणून मला तो नकाशा फार आवडतो.

दुसरं पिरब्राइट, इंग्लंड, ऑगस्ट २००७. जवळच्या शेतातल्या गुरांत लाळ्या-खुरकत निघालं. दोन दिवसांच्या आत कळलं, की विषाणूचा हा वाण १९६७ मधल्या साथीतला, आता फक्त प्रयोगशाळांत आणि लस बनवणाऱ्यांकडे असलेला, आणि अशा दोन संस्था तिथेच एका आवारात. पुढे सांडपाण्याची जुनी गळकी वाहिनी सापडली. चौकशी झाली, अहवाल छापला गेला, जबाबदारीचे नियम बदलले. एकीकडे तेरा वर्षं आणि दुसरीकडे दोन दिवस. फरक हुशारीचा नव्हता. पिरब्राइटला कोणत्या कुपीत कोणता वाण आहे याची यादी होती, आणि ती दाखवली म्हणून कुणाला तुरुंगात जावं लागणार नव्हतं.

इथे एक गोष्ट माझ्याच मुद्द्याच्या विरुद्ध जाते, तीही सांगतो. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगच्या गाठी निघाल्या आणि काही आठवड्यांत सुरतेत फुप्फुसाचा प्लेग. मी तेव्हा मराठवाड्यात नवा होतो. किल्लारीच्या भूकंपानंतर घरात झोपायला लोक घाबरत, धान्य तसंच पडलेलं, उंदरांची चंगळ, असं कारण तेव्हा सगळेच सांगायचे. सुरतेचा जंतू बीडहून गेला की कुठून, तो खरंच प्लेग होता का, की बाहेरच्या देशाचा घातपात, इथपर्यंत बोललं गेलं. पण वाद रंगत असतानाच सुरत महापालिकेनं पुढच्या वर्षी शहर असं झाडून काढलं, की देशभर नाव झालं. म्हणजे उगम ठरेपर्यंत हातावर हात धरून बसावं लागतं असं नाही. पण घाण हटवणं सोपं होतं, कारण ते कुठल्याही उत्तरात चुकीचं ठरणार नव्हतं. वटवाघळांचं तसं नाही.

आता विदर्भाकडे या. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसरी लाट आधी अमरावती-अकोल्याकडे उसळली. २२ तारखेपासून अमरावतीला टाळेबंदी लागली, १५ मार्चपासून नागपूरला. पुढचा एप्रिल इथे कुणी विसरणार नाही. सरकारी मेडिकलला खाट नाही, मेयो रुग्णालयात नाही, गाडीत ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन लोक रात्रभर फिरत होते. त्या आधीच्या महिन्यात लोकांच्या तोंडी एक शब्द होता, "अमरावती स्ट्रेन". अमरावतीची गाडी दिसली की लोक तोंड फिरवायचे. दोन-तीन महिन्यांत तेच जगानं आपल्याशी केलं, "इंडियन व्हेरियंट" म्हणून. आपल्याला राग आला, सरकारनं समाजमाध्यमांना तो शब्द काढायला सांगितलं, आणि मे अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला डेल्टा म्हटलं. सहा महिन्यांनी दक्षिण आफ्रिकेनं ओमिक्रॉनची खबर प्रामाणिकपणे दिली, तर दोन दिवसांत तिची विमानं बंद. पुढचा देश खबर देताना काय विचार करेल?

खबर देणारा काय विचार करतो, हे मला कोंबडीवाल्यांकडून कळलं. बर्ड फ्लू निघाला की कलिंगमध्ये, म्हणजे साथ रोखायला सरकारनं सरसकट मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. यात हेतू चांगला आहे, माणसानं लवकर कळवावं हाच. पण शेडवर उभं राहून बघा. पहिल्या दिवशी तीस पक्षी मेले. कळवलं आणि बर्ड फ्लू निघाला तर सगळं शेड जाणार, भरपाई यायची तेव्हा येणार, आणि आसपासचे दहा जण शिव्या देणार. नाही कळवलं तर कदाचित साधी मानमोडी (कोंबड्यांचा राणीखेत आजार) निघेल. बहुतेक जण तिसऱ्या दिवसापर्यंत थांबतात. तोवर मेलेले पक्षी पोत्यात भरून नाल्यात गेलेले असतात, आणि आम्ही पोचतो तेव्हा उगम त्या पोत्याबरोबर वाहून गेलेला असतो. मे २०२५ मध्ये देशांनी जागतिक महामारी करार स्वीकारला. त्यातला सर्वांत अवघड भाग, म्हणजे जंतूंचे नमुने देणाऱ्याला बदल्यात काय मिळणार, तो पुढच्या वाटाघाटींवर ढकलावा लागला. जिनिव्हातला तो पेच आणि शेडवरचा हा पेच एकच आहे.

नागपूरला त्याचं काय, हा तुमचा शेवटचा प्रश्न. डिसेंबर २०२४ अखेरीस गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले, भोपाळच्या प्रयोगशाळेतून बर्ड फ्लूचं निदान आलं. संशय खाऊ घातलेल्या कोंबडीच्या मांसावर गेला. मांसातून आला असेल तर पुरवठादार तपासा, मांस शिजवून द्या. रानपक्ष्यांतून असेल तर पाणवठे आणि जाळ्या बघा. दोन वेगळी कामं, दोन वेगळे खर्च. हे आपल्या शहरात, विमानतळापासून अर्ध्या तासावर.

आणि पुढच्या वेळी इथल्या ‘मंगळवारी’ नावाच्या बाजारात कोंबडी घ्यायला गेलात तर क्षणभर पिंजरे बघा. एकावर एक तीन. वरच्याची विष्ठा मधल्यावर, दोन्हींची खालच्यावर. सर्वांत खालच्या पिंजऱ्यात वेगवेगळ्या फार्मवरचे उरलेले पक्षी कोंबलेले, आणि त्यालाच टेकून कापायचा ठोकळा. हुआनान बाजारात एका विषाणूशास्त्रज्ञानं २०१४ मध्ये रॅकून डॉगच्या पिंजऱ्यांचे फोटो काढले होते, साथीच्या पाच वर्षं आधी. मांडणी अशीच. पिंजऱ्यांमध्ये पत्र्याचा ट्रे सरकवायला आणि आठवड्यातून एक दिवस सगळं रिकामं करून धुवायला कुठल्याही आंतरराष्ट्रीय अहवालाची वाट बघायची गरज नाही.

प्रयोगशाळांचं म्हणाल तर घातक सूक्ष्मजीवांचे नियम आपल्याकडे १९८९ पासून आहेत, संस्थांमध्ये जैवसुरक्षा समित्याही असतात. कागद भरपूर आहे. नाही ती "सुई टोचली" असं लिहायची वही. ती वही ठेवायची तर एक अट पाळावी लागेल: लिहिणाऱ्याची वेतनवाढ अडणार नाही. आमच्या परिचरानं तेव्हा का सांगितलं नाही, हे मी नंतर विचारलं. म्हणाला, "सांगतो तं तुमीच म्हनले असते, हातमोजे काऊन नाई घातले?" बरोबर होतं त्याचं. मी तेच म्हणालो असतो. हातमोजे पुरवले नव्हते, ही गोष्ट वेगळी.

११ डिसेंबर २०२२ ला नागपुरात राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली. माणूस, जनावर आणि परिसर यांचे आजार एकत्र बघायचे, ही कल्पना मला मनापासून पटते. तिनं मोठमोठी यंत्रं घ्यावीत, हरकत नाही. पण मला कुणी विचारलं तर पहिलं काम मी वेगळं सांगेन. कत्तलखान्यातली माणसं, कोंबडी कापणारे, गोरेवाड्याचे रखवालदार, लसीकरणाला जाणारे परिचर आणि खुद्द त्या संस्थेतले शास्त्रज्ञ, या सगळ्यांचं आज ते धडधाकट असताना पाच मिलिलिटर रक्त घ्या, सीरम काढा, नाव-तारीख लिहून उणे ८० अंशांवर ठेवा, आणि दर वर्षी परत घ्या. उद्या कुणी तापानं पडला तर दोन कुप्या शेजारी ठेवून बघता येईल. वुहानमध्ये अशाच कुप्या हव्या होत्या. आणि या कुप्यांची किल्ली त्या संस्थेच्या संचालकाकडे नको, ज्याची प्रयोगशाळा तपासली जाणार आहे त्याच्याकडे तर नकोच. दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या खात्याकडे एक जोडसंच असावा.

जनरेटरला डिझेल आहे का, तेही बघा. मे अखेरच्या नवतपात, भर उन्हाळ्यात, आमच्याकडे एकदा रात्री वीज गेली आणि सकाळी सात वाजता फ्रीजर उघडला तर खोक्यांतून पाणी ठिबकत होतं. अकरा वर्षांचे नमुने होते त्यात.